पाणी सुटल्याचा ताप

साक्षी, म्हणजे पाणी तपासायचं यंत्र, आमच्या गावात बसवली त्या दिवशी तिच्यापुढं नारळ फोडला, आणि तिनं आयुष्यातली पहिली तक्रार त्या नारळाचीच केली. "नमस्कार. आपल्या पिण्याच्या पाण्यात नारळ आढळला आहे," असं तिनं ग्रामपंचायतीच्या भोंग्यावरून अख्ख्या येवताळीला अत्यंत गोड आवाजात कळवलं. नारळासोबत हळद आढळली होती, कुंकू आढळलं होतं आणि एक मनुष्य आढळला होता. तो मनुष्य म्हणजे आमचे सरपंच रोशन टेकाडे. त्यांनी टाकीच्या उघड्या झाकणावरच नारळ फोडला आणि मग बोटं आत बुडवून चार थेंब डोळ्यांना लावले. फोटो मात्र छान आला होता.

मी रंजना ढोके, येवताळीची जलसुरक्षक. नाव भारदस्त आहे; काम असं की धरणावरून आलेलं पाणी जमिनीतल्या टाकीत घ्यायचं, त्यात ब्लीचिंग पावडर टाकायची, गावाला सोडायचं, आणि मग वास येतो म्हणून शिव्या खायच्या. आमचा भाग खारपाणपट्ट्यातला. जमिनीखालचं पाणी इतकं खारट की त्यात डाळ शिजत नाही आणि साबणाला फेस येत नाही. गावात गोड्या पाण्याची जागा एकच, ती टाकी. तिच्या कुलपाची किल्ली माझ्या कमरेला असते, त्यामुळं गावात मला मान आहे असं मी समजते. गाव तसं समजत नाही.

साक्षीचं शास्त्र मला तालुक्याच्या प्रशिक्षणात शिकवलं. कुठलाही जीव पाण्याजवळ गेला की स्वतःचं काहीतरी मागं ठेवून जातो. कातडीचा कण, केस, लाळ, काहीही. त्या प्रत्येक कणात डीएनए असतो, म्हणजे हा जीव कोण हे लिहून ठेवलेला लांबच लांब धागा. साक्षीच्या पोटात एक पडदा आहे आणि त्याला डोळ्याला न दिसणारी भोकं आहेत. पाण्यातला धागा त्या भोकातून ओढला जातो, आणि धाग्यावरचं एकेक अक्षर पुढं सरकलं की पडद्यातून वाहणारी वीज किंचित बदलते. ते बदल वाचले की समजतं, हा बेडूक, हे कबुतर, हा पोटाचा जंतू. पूर्वी पाण्याची बाटली प्रयोगशाळेत जायची, आणि अहवाल येईपर्यंत गाव ते पाणी पिऊन, आजारी पडून, बरंही झालेलं असायचं. साक्षी चहा उकळेपर्यंत सांगते, आणि धोका असेल तर गावाकडचा वॉल्व्ह स्वतःच बंद करते.

माणसाला ती फक्त 'मनुष्य' म्हणायची. पण आरोग्य कार्डासाठी राज्यातल्या सगळ्यांची लाळ आधीच घेऊन झाली होती, त्यामुळं नाव सांगणं तिला अवघड नव्हतं. फक्त ग्रामसभेची परवानगी लागत होती. शहाण्या गावानं ती दिली नसती. आमच्या गावानं हात वर करून एकमतानं दिली: नाव भोंग्यावर जाहीर करावं, आणि ज्याचं नाव येईल त्यानं सगळ्यांसमोर टाकी धुवावी. आमच्या गावात एकमत कशावरच होत नाही. याच्यावर झालं, कारण पकडला जाणार तो शेजारी याची प्रत्येकाला खात्री होती.

पहिलं नाव आलं ते पुन्हा रोशनभाऊंचं. पाणी किती आलं हे बघायला ते झाकणापाशी गेले होते आणि तोंडात खर्रा होता. "आपल्या पाण्यात तंबाखू, सुपारी आणि श्री. रोशन टेकाडे आढळले आहेत." बिचाऱ्यांनी टाकी धुतली. त्यानंतर टाकीमागच्या बाभळीखाली भेटणाऱ्या दोघांची नावं एका दमात जाहीर झाली आणि गावाला त्यांचं लग्न लावून द्यावं लागलं. मग मात्र लोक टाकीजवळून जाताना डोक्याला रुमाल बांधायला लागले. पण जुलाबाची साथ गेली, पंचायतीला स्वच्छ पाण्याचं हिरवं कार्ड मिळालं, आणि साक्षी गावची साक्षीताई झाली.

अशात माझ्या शर्वरीचं लग्न ठरलं. मुलगा वेदांत हिंगणकर, दहीगव्हाणचा. दोघं अकोल्याला एकाच ठिकाणी फवारणीचे ड्रोन दुरुस्त करायचे, त्यामुळं जमवलं त्यांचं त्यांनीच. आम्ही फक्त साखर वाटली. पोरगा सोन्यासारखा. घरात बाप दिवाकरराव, आई ज्योत्स्नाबाई. पण हे सगळे नावाला. घर चालायचं ते वेदांतच्या आजीच्या, पंचफुलाबाईंच्या तर्जनीवर. ऐंशीला आलेली बाई, काठी टेकायला नाही, हाणायला घेतल्यासारखी धरायची.

साखरपुड्याला जेवणं झाल्यावर त्यांनी मला जवळ बसवलं.

"इहीणबाई, आमच्या घरची एक रीत हाये. लग्नाच्या दिवशी पोरीच्या गावच्या पान्यात घरच्या मोठ्या बाईनं हातपाय धुवायचे, अन् ते पानी तिथंच सोडायचं. म्हंजे पोरीचं माहेरचं पानी सुटते. मंग ते उठसूट माहेरी पयत नाई."

"आन् सुटलं हे कसं कयते?" माझ्या नवऱ्यानं, नरेशनं, उगाच विचारलं.

"ताप येते ना! लग्न झाल्यावर पंधरा-वीस दिवसांनी पोरगी तापानं फनफनते. तो पानी सुटल्याचा ताप. आला की समजावं, पोरगी आपली झाली. माह्या तिन्ही सुनांले आला. हे ज्योत्स्ना तं महिनाभर पडून होती."

ज्योत्स्नाबाई डोक्यावरचा पदर सावरून खाली बघत होत्या. मला तेव्हा हसू आलं. लोकांच्या घरी काय काय असतं, एवढंच मनात आलं आणि मी पानाचा विडा पुढं केला.

"पण आजी, आमची टाकी प्यायच्या पान्याची हाये," मी म्हटलं.

"मंग आमी का घान हावो?"

ह्या प्रश्नाला मुलीच्या आईनं उत्तर द्यायचं नसतं. नरेशनं डोळ्यांनी खूण केली. रात्रभर तो मला समजावत होता, की एक तांब्याभर तर पाणी, हजारो लिटरच्या टाकीत त्याचा काय पाड, आणि वरून तू पावडर टाकतेच. साक्षीची पण सोय होती. टाकी साफ करायला मी स्वतः आत उतरते तेव्हा माझंच नाव भोंग्यावर जाऊ नये म्हणून मला फोनवर 'सराव' नावाची एक कळ दिली होती. ती दाबली की नाव पुसलं जातं आणि वॉल्व्ह उघडतो. तेव्हा आजीबाईंनी पाय धुवायचे, मी कळ दाबायची, आणि लेकीचं लग्न सुखरूप पार पाडायचं, असं आम्ही ठरवलं. शर्वरीला सांगितलं नाही. ती भांडली असती.

लग्नाच्या दिवशी सकाळी आणखी एक गोष्ट झाली, आणि ती आमच्या गावात प्रत्येक कार्याला होते. घरात कार्य निघालं की लोक येऊन सांगतात, "रंजनाबाई, आज पावडर कमी टाका जी. पावने म्हनतील चहाले दवाखान्याचा वास येते." ज्या दिवशी गावात सगळ्यात जास्त माणसं जेवणार, त्याच दिवशी पाण्यात औषध सगळ्यात कमी. इतर वेळी मी भांडते. पण ह्या वेळी पाहुणे माझे होते. मी अर्धी पावडर टाकली.

वरात आली, वाजंत्री वाजली. पंचफुलाबाई नऊवारीचा काठ वर खोचून टाकीच्या कठड्यावर बसल्या, आणि मी माझ्या हातानं कुलूप उघडून त्यांच्या हातापायांवर पाणी घातलं. ते परातीत धरलं आणि त्यांनी ते टाकीत ओतलं. "सुटलं गं बाई," म्हणत त्यांनी माझ्या गालावरून हात फिरवला. मी पदराआडून गाल पुसला, कुलूप लावलं आणि साक्षीच्या निरोपाची वाट बघत मांडवाच्या कडेला उभी राहिले.

फोन थरथरला. मी कळीवर बोट ठेवूनच वाचायला लागले आणि बोट तसंच राहिलं.

"धोका. विषमज्वराचे जंतू. क्लोरीन अपुरे. जंतू आणि श्रीमती पंचफुला महादेव हिंगणकर पाण्यात एकाच वेळी आले आहेत. वॉल्व्ह बंद केला आहे. अर्ध्या तासात नाव जाहीर करीन." खाली दोन कळी होत्या: 'आताच जाहीर करा' आणि 'सराव'.

विषमज्वर म्हणजे टायफॉइड. प्रशिक्षणात शिकवलेलं आठवलं, की काही माणसांच्या अंगात हे जंतू कधीतरी शिरतात आणि पित्ताच्या पिशवीत कायमचे वस्तीला राहतात. त्या माणसाला काही होत नाही. तो ठणठणीत असतो. पण संडासाहून आल्यावर हात नीट धुतले नाहीत तर त्याच्या हातचं खाणाऱ्याला, पिणाऱ्याला दोन-तीन आठवड्यांनी ताप चढतो. पंधरा-वीस दिवसांनी. महिनाभर.

तिन्ही सुनांना आला. माहेरचं पाणी कोणाचंच सुटलं नव्हतं. सासरी गेल्यावर सासूच्या हातचं खाल्लं होतं, एवढंच.

नरेश मागून धावत आला. "नयाले पानी काहून नाई? आचारी बोंबलून रायला!"

मी फोन त्याच्यापुढं धरला. त्यानं वाचलं, आणि पहिलं वाक्य बोलला ते असं: "दाब ना मंग सराव!"

"आन् लोकं प्यायले तं?"

"पावडर टाक वरून. पन नाव नको येऊ देऊ. लग्न मोडन ना, रंजू!"

"मोडलं तं दुसरं जमवू. पोरगी मोडली तं कुठून आनू?"

खरं सांगते, माझंही बोट त्या कळीवरून हलत नव्हतं. पावडर टाकून पाणी नीट करता आलं असतं. नाव पुसता आलं असतं. संध्याकाळी शर्वरीची पाठवणी झाली असती, आणि पंधरा-वीस दिवसांनी दहीगव्हाणहून आनंदाचा फोन आला असता, की ताप आला, पोरगी आमची झाली. तो फोन मला ऐकू यायला लागला तेव्हा मी बोट काढलं.

तेवढ्यात आचाऱ्याच्या चुलाणाकडून आवाज आला, "सरका सरका, आजी मठ्ठा करून रायल्या!" पंचफुलाबाईंचा मठ्ठा म्हणजे त्यांच्या नात्यागोत्यात मोठं नाव. कुठल्याही लग्नात मठ्ठा त्यांच्याच हातचा, आणि हातचा म्हणजे खरोखरच हातचा. पळीनं चव येत नाही म्हणायच्या. कोपरापर्यंत हात घालून मीठ कालवायच्या.

दह्याचं पातेलं मोठं होतं. बाईंनी बांगड्या वर सारल्या होत्या.

"आजी, हात घालू नका!" मी ओरडले. ओरडायचं नव्हतं, पण ओरडले. आचारी थांबले, दिवाकरराव फेटा सावरत आले, त्यांच्यामागं ज्योत्स्नाबाई. मी आजींना जरा बाजूला घ्यायला बघितलं, तर त्यांनी काठी रोवली.

"जे बोलायचं ते इथंच बोला."

मग मी बोलले. भोंग्यातून ऐकण्याआधी माणसाच्या तोंडून ऐकावं म्हणून आले, असं सांगून सगळं बोलले.

"म्या?" पंचफुलाबाईंचा आवाज मांडवाच्या दुसऱ्या टोकाला गेला असेल. "माह्या अंगात जंतू? मले उभ्या जन्मात ताप नाई आला!"

"म्हनूनच ना आजी. भाडेकरू घरमालकाशी गोडच वागते. तरास देते तो पावन्याले."

"वा रे वा!" दिवाकरराव गरजले. "माह्या मायले रोगी म्हनता? लग्नात? घ्या रे, वरात वापस घ्या!" वाजंत्रीवाल्यांना काय वाटलं कोण जाणे, त्यांनी वाजवायला सुरुवात केली.

मला रडू फुटलं. नवरीची आई लग्नात रडतेच, त्यामुळं कोणी लक्ष दिलं नाही.

"थांबा जरा," असं कोणीतरी म्हणालं. आवाज ओळखीचा नव्हता, कारण ज्योत्स्नाबाईंचा आवाज आम्ही कोणीच ऐकलेला नव्हता. त्यांनी डोक्यावरचा पदर खाली घेतला. केस विरळ होते, भांग रुंद झालेला.

"आई, माही येनी कमरेच्या खाली होती. त्या तापात सारी गेली. तुम्ही म्हनल्या, माहेरचं पानी निघून रायलं. अठ्ठावीस वर्सं मी तेच समजून रायली. माय बिमार होती तवा बी मी गेली नाई, तुम्ही म्हनल्या, आता पानी सुटलं, आता कायले जातं. ते मेली तवा गेली." त्यांनी दह्याच्या पातेल्याकडं बोट केलं. "आता ह्या लोकाच्या पोरीले तोच ताप देता का?"

वाजंत्री कधी थांबली ते कळलं नाही. दिवाकरराव बायकोकडं असे बघत होते जणू भिंतीनं त्यांना नावानं हाक मारली होती. पंचफुलाबाईंनी आपला उजवा हात डोळ्यांपुढं धरला. पालथा केला, पुन्हा उताणा केला. त्या हातानं त्यांनी तीन सुना, सात नातवंडं आणि निम्मा तालुका जेवू घातला होता.

"ह्याच हातानं?" त्यांनी मला विचारलं. मोठ्यानं नाही.

"जानून नाई केलं आजी तुम्ही."

"याले इलाज हाये का?"

"औषध हाये. अकोल्याले बरं करतात. लागलं तं पित्ताची पिशवी काढून टाकतात."

त्या माझ्या फोनकडं बघत राहिल्या. "ह्या बटनानं माहं नाव येते का?"

"हो."

"अन् नाई दाबलं तं?"

"तरी येते. जरा वेळानं."

"मंग इकडं आन. उद्या कोनी म्हनाले नको, पंचफुला लपली." आणि त्यांनी अंगठा असा दाबला, जणू जंतूच खाली सापडला होता.

"नमस्कार," साक्षी भोंग्यावर म्हणाली. "आपल्या पिण्याच्या पाण्यात श्रीमती पंचफुला महादेव हिंगणकर आढळल्या आहेत. कृपया पाणी पिऊ नये. नवदांपत्यास हार्दिक शुभेच्छा." शुभेच्छा रोशनभाऊंनी सकाळीच तिच्यात भरून ठेवल्या होत्या.

रोशनभाऊ पुढं आले आणि हात जोडून म्हणाले, "आजी, तुम्ही बाहेरगावच्या. टाकी धुवायचा नियम आमच्या गावकऱ्यांले हाये."

"नियम तो नियम," पंचफुलाबाई म्हणाल्या. "पन मले तं आत उतरता येत नाई, जंतू हाये. दिवाकर, फेटा काढ."

टाकी उपसून दिवाकररावांनी ती घासली, धोतर गुडघ्यापर्यंत वर खोचून. आजी खुर्चीवर बसून काठीनं कोपरे दाखवत होत्या. शर्वरीला सगळं कळलं तेव्हा ती मुंडावळ्या बांधलेल्या अवस्थेत माझ्याशी भांडायला आली. पाय धुवू दिले म्हणून भांडली, पावडर कमी टाकली म्हणून भांडली, आणि मग गळ्यात पडली. मुहूर्त केव्हाच टळला होता, पण आमच्या इकडं मुहूर्त पत्रिकेत छापण्यापुरताच असतो. नवं पाणी भरून, त्यात पुरती पावडर टाकून, साक्षीनं होकार दिल्यावर अक्षता पडल्या. दह्याचं पातेलं वाचलं होतं. मठ्ठा ज्योत्स्नाबाईंनी केला, पळीनं. मीठ जास्त झालं. लोकांनी मागून मागून घेतला.

आजींना अकोल्याला दाखवलं. साक्षीचं म्हणणं खरं निघालं. औषधं सुरू झाली. मी मात्र घरात दिवस मोजत होते. पंधरा झाले, वीस झाले, महिना झाला. रोज शर्वरीला विचारायचे, अंग गरम नाही ना, आणि ती म्हणायची, आई, आता तुझ्यामुळं येईल.

मग एका सकाळी पंचफुलाबाईंचा फोन आला. आवाज चिडका होता.

"इहीणबाई, तुमच्या पोरीले ताप नाई आला."

"चांगलंच झालं ना, आजी."

"चांगलं कायचं? तीन डाव माहेरी जाऊन आली. अन् तिचं पाहून ज्योत्स्ना बी निघाली आज सकायच्या यष्टीनं, भावाकडं. म्हने आठ दिवस येत नाई. दिवाकर स्वयंपाक करून रायला. भाकर पाहाची तुमी त्याची."

मी हसू दाबलं.

"इहीणबाई," त्या म्हणाल्या, "मले तं ताप कधी आलाच नाई."

"हो, तुम्ही सांगितलं होतं."

"म्हंजे माहं पानी सुटलंच नोतं म्हना की. अन् म्या लगन झाल्यावर माहेराचं तोंड नाई पायलं. माही सासू म्हने, सुटलं तुहं. मले वाटलं, असन सुटलं."

"कोन हाये आजी तिकडं?"

"भाऊ हाये लहाना. त्याले बी आता दिसत नाई म्हनतात. पिशवी तं भरून ठेवली म्या. फक्त कोनी जा म्हनायचं रायलं होतं."

"जा, आजी," मी म्हटलं.